गंभीर आजारी मांजराची घरी शुश्रूषा आणि आहार : खानदेशातील घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आजारी मांजराने अन्नाकडे पाठ फिरवली की घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ‘राहू द्या, भूक लागली की खाईल.’ माणसाच्या एक-दोन दिवसांच्या लंघनाला आपल्याकडे उपचाराइतका मान आहे आणि धडधाकट कुत्र्यालाही एखादा उपवास फारसा बाधत नाही; मांजराचे शरीर मात्र या बाबतीत अगदी वेगळे आहे. सलग दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर अंगावरची चरबी वेगाने यकृताकडे येऊ लागते, तेथे साठत जाते आणि यकृताचे काम मंदावते. लठ्ठ मांजरात हे अधिक लवकर घडते. मूळ आजार औषधाने बरा होण्यासारखा असला, तरी उपासमारीतून जडलेला हा दुसरा आजार मांजराचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे औषधे वेळेवर देणे जितके महत्त्वाचे, तितकेच मांजराच्या पोटात रोज पुरेसे अन्न सुरक्षितपणे जाणे महत्त्वाचे आहे. मोठ्या मांजराने २४ तास काही खाल्ले नाही, किंवा लहान पिल्लाने १२ तास खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यांशी बोलावे.

घरची शुश्रूषा निदानानंतर सुरू होते, हे आधी लक्षात घ्यावे. जळगाव, धुळे, भुसावळ यांसारख्या शहरांत कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे डॉक्टर मिळतात. तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांमध्ये जातो. अशा वेळी माझ्या मते सर्वांत व्यवहार्य मार्ग असा, की एकदा शहरात नेऊन रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा एक्स-रे करून पक्के निदान घ्यावे, आणि पुढची इंजेक्शने व सलाईन गावातील पशुवैद्यांकडून, शहरातील डॉक्टरांशी फोनवर संपर्क ठेवून घ्यावीत. परतताना डॉक्टरांकडून निदान, मांजराचे त्या दिवशीचे वजन, प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा, दिवसाला किती अन्न द्यायचे आणि कोणते लक्षण दिसल्यास लगेच यायचे, हे सारे कागदावर लिहून मागावे. घाबरलेल्या मनाने दवाखान्यात ऐकलेल्या सूचना घरी पोचेपर्यंत निम्म्या विसरल्या जातात.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून प्रवास पहाटे किंवा दिवस मावळल्यावर करावा. मांजराला बंद पिशवीत न घालता हवा खेळती राहील अशा झाकणाच्या टोपलीत किंवा जाळीच्या पेटीत ठेवावे आणि पेटीचा अर्धा भाग ओल्या पंचाने झाकावा.

काही लक्षणांत घरी काहीही करत बसू नये. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसणे, झटके येणे, मागचे पाय अचानक लुळे पडणे, अंग थंडगार होऊन मांजराने प्रतिसाद न देणे, ही तातडीची लक्षणे आहेत. बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, तेव्हा घरचे लोक बद्धकोष्ठता समजून एरंडेल किंवा दूध पाजतात; प्रत्यक्षात मूत्रमार्ग बंद झालेला असतो आणि एक-दोन दिवसांत त्याने मृत्यू येतो. अशा बोक्याला रात्रीची वेळ असली तरी त्याच रात्री न्यावे.

माणसांच्या सुरक्षिततेविषयीही येथेच सांगितले पाहिजे. लस न घेतलेल्या, बाहेर हिंडणाऱ्या मांजराचे वागणे अचानक बदलले, ते विनाकारण अंगावर धावून येऊ लागले, त्याला गिळता येईना आणि लाळ गळू लागली, तर रेबीजची शक्यता धरून त्याच्या तोंडात हात घालू नये. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लशीसाठी जावे. गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा साफ करू नये.

जागा आणि रोजची वही

आजारी मांजराला मोठी जागा लागत नाही. शांत, अर्धवट अंधारी आणि वर्दळीपासून दूर अशी एक खोली किंवा कोपरा पुरतो. जुन्या धाब्याच्या घरात तळमजल्याची आतली खोली उन्हाळ्यात सर्वांत चांगली. पत्र्याच्या छताखाली दुपारी आजारी मांजर ठेवणे धोक्याचे आहे. निरोगी मांजर अंग चाटून स्वतःला थंड ठेवते, आजारी मांजराकडून तेही होत नाही. कूलर लावावा, पण त्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. वीज गेली तर ओल्या फडक्याने पंजे आणि कान पुसावेत. डिसेंबर-जानेवारीत याच भागात रात्रीचे तापमान १० अंशांच्याही खाली जाते, आणि अशक्त मांजराला आपली ऊब राखता येत नाही. कोमट पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून अंथरुणाच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको वाटल्यास मांजराला दूर सरकता येते. पाणी, अन्न आणि लघवी-शौचासाठी माती भरलेला ट्रे हे सगळे चार पावलांच्या आत असावे. मात्र अन्न आणि ट्रे शेजारी शेजारी ठेवू नयेत. ट्रेची कड दोन-तीन बोटांपेक्षा उंच नसावी.

फरशी फिनाईलने किंवा डेटॉलने पुसू नये. त्यांतील द्रव्ये मांजराच्या पंजांना लागतात, चाटल्यावर पोटात जातात, आणि मांजराच्या यकृताला ती शरीराबाहेर टाकता येत नाहीत. डासांची अगरबत्ती, कापूर, ऊद आणि निलगिरीचे तेल यांपासूनही ती खोली मुक्त ठेवावी.

रोजच्या नोंदीसाठी एक वही घालावी. सकाळी एकाच वेळी वजन करावे. स्वयंपाकघरातील काट्यावर टोपली ठेवून करता आले तर उत्तम, नाहीतर मांजराला घेऊन आणि न घेता स्वतःचे वजन करून वजाबाकी करावी, अर्थात त्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडू शकतो. मांजर झोपलेले असताना छातीचे वर-खाली होणे एक मिनिट मोजावे. साधारण १५ ते ३० श्वास ठीक, झोपेतही सतत ३० च्या वर असतील तर डॉक्टरांना कळवावे. गुदद्वारातून घेतलेले तापमान १००.४ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असावे. १०३ च्या वर ताप समजावा, आणि ९९ च्या खाली गेलेले तापमान तापापेक्षाही अधिक चिंताजनक मानावे. किती अन्न पोटात गेले, उलटी, लघवी, शौच आणि औषधांच्या वेळा यांचीही नोंद ठेवावी. घरात शुश्रूषा करणारी दोन-तीन माणसे असतील, तर या वहीमुळे एकच औषध दोनदा दिले जाण्याची चूकही टळते.

किती अन्न आणि कोणते

पडून असलेल्या मांजराला दिवसाला लागणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ हिशोब असा : किलोमधील वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवावेत. ३ किलोच्या मांजराला १६० किलोकॅलरी, ४ किलोच्या मांजराला १९० किलोकॅलरी. मात्र मांजर कित्येक दिवस उपाशी असेल, तर पहिल्याच दिवशी एवढे अन्न देणे घातक ठरू शकते. उपाशी शरीराला अचानक भरपूर अन्न मिळाले, की रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घसरते आणि सुधारत असल्यासारखे वाटणारे मांजर एकाएकी कोसळते. म्हणून पहिल्या दिवशी गरजेच्या चौथाई ते तिसरा हिस्सा, आणि पुढे रोज थोडे वाढवीत तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रा, असा क्रम ठेवावा.

एका वेळी पोटात किती मावेल हाही प्रश्न आहे. सुरुवातीला दर किलोमागे ५ मिली, म्हणजे ३ किलोच्या मांजराला एका वेळी १५ मिली. पचते आहे असे दिसल्यावर हळूहळू दुप्पट. आजारी प्राण्यांसाठी मिळणारे मऊ डबाबंद अन्न, उदाहरणार्थ हिल्सचे ए/डी किंवा रॉयल कॅनिनचे रिकव्हरी, येथे फार उपयोगी पडते, कारण थोड्या अन्नात बरीच ऊर्जा असते आणि सिरिंजमधून ते सहज जाते. ए/डीच्या १५६ ग्रॅमच्या डब्यात सुमारे १८० किलोकॅलरी असतात; म्हणजे ३ किलोच्या मांजराची दिवसाची गरज जवळजवळ एका डब्यात भागते, आणि ते पाच वेळांत विभागले तर पोटावर ताणही येत नाही. लहान गावात हे डबे मिळत नाहीत, म्हणून शहरातून येताना चार-पाच दिवसांचे आणून ठेवावेत. उघडलेला डबा फ्रिजमध्ये झाकून ठेवावा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर उरलेले टाकून द्यावे.

डबा मिळेपर्यंत घरी कोंबडीचे बिनहाडांचे मांस मीठ, हळद, मसाला काहीही न घालता मऊ शिजवावे आणि त्याच पाण्यात मिक्सरमधून अगदी बारीक करून गाळून घ्यावे. १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत सुमारे १६० किलोकॅलरी असतात. पाणी घालून पातळ केले की तेवढ्याच ऊर्जेसाठी आकारमान जवळपास दुप्पट होते, ही त्यातली अडचण. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मिसळल्याने ऊर्जा थोडी वाढते. हे अन्न काही दिवसांसाठी चालते. महिनोन्‌महिने केवळ कोंबडीवर मांजर ठेवू नये, कारण त्यातून कॅल्शियमसारखे आवश्यक घटक पुरत नाहीत.

आपल्या अनेक घरांत मांसाहार होत नाही आणि मांजर वर्षानुवर्षे दूध-पोळीवर वाढलेले असते. बाहेरचे उंदीर आणि पाखरे यांवर त्याचे पोषण चाललेले असते, हे आपल्या लक्षात येत नाही. आजारी पडून ते घरात बसले, की हा पुरवठा थांबतो आणि उरते फक्त दूध-पोळी. मांजराला टॉरिन हा घटक प्राणिज अन्नातूनच मिळवावा लागतो आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, त्यामुळे जुलाब वाढतात. ज्या घरात मांस शिजत नाही, तेथे डबाबंद अन्न, स्वतंत्र भांडी आणि अंगणातला किंवा गच्चीवरचा कोपरा ही तडजोड सर्वांना पटते, असा माझा अनुभव आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ‘हे मांजराचे औषध आहे’ असे समजावून सांगितले तर विरोध सहसा होत नाही, आणि ते खरेही आहे.

ज्या घरांत मटणाचा रस्सा होतो, तेथे धोका उलट आहे. काळ्या मसाल्यातील, वाटणातील कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने तो दोष जात नाही. रस्स्यातले मांस धुऊन देणे हा उपाय नाही. ग्लुकोजचे पाणी किंवा नुसता भाताचा पेज पाजून ‘काहीतरी पोटात गेले’ हे समाधान मिळते, पण मांजराला लागणारी प्रथिने त्यातून मिळत नाहीत.

मूत्रपिंडाच्या किंवा अन्य जुन्या आजारात डॉक्टर पथ्याचे अन्न सांगतात. ते मांजर खात असेल तर उत्तम. खात नसेल तर पथ्यासाठी उपाशी ठेवू नये. आधी खाणे सुरू करावे, पथ्याकडे नंतर वळावे. मधुमेही मांजराने खाल्ले नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन टोचू नये.

स्वतःहून खावे म्हणून

सिरिंज हातात घेण्यापूर्वी मांजर का खात नाही याचा विचार करावा. मांजर वासावर खाते. सर्दीने नाक चोंदले असेल तर समोर काहीही ठेवले तरी ते तोंड फिरवते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक आणि डोळे पुसावेत, आणि न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून दहा मिनिटे मांजराला घेऊन बसावे; पाण्यात बाम किंवा तेल टाकू नये. अन्नाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते अंगाच्या उबेइतके कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावे. पसरट बशी वापरावी. दोन चमचे अन्न ठेवून वीस मिनिटांनी उचलून घ्यावे. मे महिन्यात त्याहून अधिक वेळ ठेवलेले अन्न आंबते, आणि सतत नाकासमोर असलेल्या अन्नाचा मांजराला तिटकारा येतो.

मांजर वाटीपर्यंत येते, हुंगते, ओठ चाटते, लाळ गाळते आणि मागे फिरते, तेव्हा त्याला मळमळ होत असते. अशा वेळी जबरदस्तीने भरवणे निष्फळ असते. मारोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉनसारखे मळमळ थांबवणारे औषध आधी हवे. भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन वापरतात, पण माणसांच्या गोळीचा किती लहान तुकडा द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. तोंडात जखमा किंवा दात सडलेले असतील, तर वेदनाशामकाविना भूक परत येणार नाही.

सिरिंजने भरवणे

बेशुद्ध, झटके येत असलेल्या, वारंवार उलट्या करणाऱ्या किंवा धाप लागलेल्या मांजराला तोंडाने काहीही भरवू नये. गिळता येत असेल तरच पुढे जावे.

५ किंवा १० मिलीची, सुई नसलेली सिरिंज घ्यावी. अन्न कोमट आणि गुठळ्याविरहित असावे. मांजराला पोटावर, नेहमीच्या बसण्याच्या स्थितीत, मांडीवर किंवा टेबलावर बसवावे; पाठीवर उताणे कधीही धरू नये. पंचात सैलसर गुंडाळले की पुढचे पंजे आवरतात. एकाने मागून आधार द्यावा, दुसऱ्याने भरवावे. डोके सरळ, जमिनीला समांतर ठेवावे. आपल्याकडे बाळाला पाजताना मान मागे करण्याची सवय असते. मांजराची मान मागे केली की श्वासनळीचा मार्ग उघडा राहतो आणि अन्न फुप्फुसात जाते. सिरिंजचे टोक सुळ्या दाताच्या मागे, गालाच्या बाजूने आत सरकवावे, सरळ घशाकडे रोखू नये. एका वेळी अर्धा ते एक मिली सोडावे, गिळलेले दिसेपर्यंत थांबावे, मग पुढचा घास. १५ मिलीला दहा मिनिटे लागली तरी हरकत नाही. भरवून झाल्यावर हनुवटी पुसावी, नाहीतर वाळलेल्या अन्नाखाली कातडी सोलवटते, आणि पाव तास मांजराला आडवे होऊ न देता बसते ठेवावे.

खोकला आला, घशात घरघर झाली, तर लगेच थांबावे. त्यानंतरच्या दिवसभरात श्वास वाढला किंवा ताप आला, तर फुप्फुसाचा संसर्ग गृहीत धरून डॉक्टरांकडे जावे.

मांजर प्रत्येक वेळी झटापट करत असेल, सिरिंज पाहूनच लपत असेल, तर हट्ट धरू नये. जबरदस्तीचे भरवणे दोन-तीन दिवसांपलीकडे लांबत असेल, तर अन्ननलिकेत बसवायच्या नळीविषयी डॉक्टरांना विचारावे. नळी म्हटले की घरचे लोक धास्तावतात, ‘आता शेवट आला’ असे समजतात. पण मानेच्या बाजूने बसवलेली ही नळी आठवडे, प्रसंगी महिनेही राहते, मांजर ती असतानाही स्वतःहून खाऊ शकते, औषधेही त्यातूनच जातात, आणि रोजची झोंबाझोंबी संपल्याने मांजर पुन्हा माणसाजवळ येऊ लागते. माझे स्पष्ट मत आहे की हा मार्ग जितका लवकर स्वीकारला जाईल तितका बरा. ती बसवण्यास भूल द्यावी लागते. नाकातून घातलेली बारीक नळी भुलीविना बसते, पण ती काही दिवसांपुरतीच असते आणि तिच्यातून फक्त द्रव अन्न जाते. प्रत्येक वेळी अन्नाआधी आणि नंतर ५ ते १० मिली कोमट पाणी नळीतून सोडावे, अन्न हळूहळू, दहा-पंधरा मिनिटे घेऊन द्यावे, आणि मानेवरील जखम रोज पाहावी. मांजराने उलटी करून नळी तोंडातून बाहेर काढली, तर तिच्यातून काहीही सोडू नये.

पाणी आणि औषधे

अन्नातील ओलाव्यासह मांजराला दर किलोमागे दिवसाला सुमारे ५० मिली पाणी लागते. हिरड्या बोटाला चिकट लागल्या, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर पाणी कमी पडते आहे. वृद्ध आणि हडकुळ्या मांजरात कातडी एरवीही सैल असते, म्हणून हिरड्यांवर अधिक विसंबावे. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर कातडीखाली रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचे सलाईन, द्यायला शिकवतात. बाटली अंगाइतकी कोमट करावी, दोन खांद्यांमधील कातडी तंबूसारखी उचलून सुई तिच्या तळाशी घालावी, आणि सांगितलेली मात्राच द्यावी. जमलेला फुगा काही तास राहतो, पायाकडे उतरतो. त्याने घाबरू नये. हृदयविकार असलेल्या मांजराला मात्र हे पाणी फुप्फुसात उतरू शकते.

घरातील औषधाच्या डब्याला हात लावू नये. पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराला मारण्यास पुरेशी आहे : हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजते, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड हीदेखील त्याला विषच आहेत. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावू नये. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. तिच्यामागून ५ मिली पाणी किंवा थोडे पातळ अन्न द्यावे. कडू औषधाने तोंडाला फेस आला तर ते विषबाधेचे लक्षण नसते. असे औषध जेवणात मिसळू नये, नाहीतर मांजर ते अन्नच सोडून देते.

उठता न येणाऱ्या मांजराची कूस दर दोन-चार तासांनी बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे आणि शेपटीखालचे केस कातरावेत. बारा तासांत लघवी झाली नाही तर कळवावे.

वेदना, आशा आणि निर्णय

मांजर वेदना लपवते. कान बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, थोबाड ताणलेले, डोके खांद्यांच्या खाली झुकलेले, ही वेदनेची खूण समजावी. माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१९ मध्ये या चेहऱ्यावरील खुणांचे मोजमापच प्रसिद्ध केले आहे. घुरघुर ऐकू आली म्हणून मांजर सुखात आहे असे मानू नये, अत्यवस्थ मांजरेही घुरघुरतात.

निदान ऐकून लगेच खचूही नये. मांजरांमधील कोरोना विषाणूमुळे होणारा एफआयपी हा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरत असे. आज जीएस-४४१५२४ या औषधाने, रूढ पद्धतीनुसार ८४ दिवसांच्या उपचारानंतर, बहुतेक मांजरे बरी होतात. इतके दिवस मांजराला खाते-पिते ठेवणे हे घरच्यांचेच काम असते. मांजर स्वतःहून खाऊ लागले, तर सिरिंजची मात्रा एकदम न थांबवता आधी सकाळची, मग दुपारची वेळ वगळावी आणि वजन स्थिर राहते का ते पाहावे.

उलट, वेदनाशामक देऊनही मांजर अस्वस्थ राहते, नळीतून दिलेले अन्नही पोटात ठरत नाही, माणसाचा हात लागताच दूर होते, आणि वहीत चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस वाढत जातात, तेव्हा पशुवैद्यांशी वेदनारहित मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलावे. आपल्याकडे यावर बोलणे पाप मानणारी माणसे आहेत आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. तरीही श्वासासाठी तीन-तीन दिवस तडफडू देणे यात मला दया दिसत नाही. आधी झोपेचे इंजेक्शन आणि मग भुलीचे अतिरिक्त प्रमाण, असा क्रम असावा, आणि तो तसाच होणार आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. दफन शेतात विहिरीपासून दूर, किमान तीन फूट खोल करावे.

मांजर पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्व्होने गेले असेल किंवा त्यातून बरे झाले असेल, तर त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. अंथरूण आणि मातीचा ट्रे जाळून टाकावा, फरशी आधी साबणाने धुऊन नीट खळबळून घ्यावी, नंतर एक लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच मिसळून त्याने पुसावी आणि दहा मिनिटे ओली राहू द्यावी. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा अ‍ॅसिड मिसळू नये. या घरात लशीचे सर्व डोस पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर आणू नये, आणि शेजाऱ्यांकडे पिल्ले असतील तर त्यांनाही लशीविषयी आजच सांगावे.